वही कुणाच्या हाती

साल 1875, माघाचा शेवट. सोनपेठहून कापसाच्या दोन गाड्या जालन्याला निघाल्या आहेत आणि तुम्ही मागच्या गाडीत बोजावर अंग टाकून बसला आहात. खाली काळी जमीन, दोन्ही अंगांना शाळूची काढणी चाललेली. गोदावरीचं पाणी ओसरलंय. उताराच्या जागी बैल गुडघाभर पाण्यातून पलीकडे जातात. पुढे पाथरी, मग दुधनेकडचा मुलूख, परतूर, आणि चार-पाच मुक्कामांनंतर जालना. आगगाडी या भागात यायला अजून पाव शतक आहे, त्यामुळे घाई करून उपयोग नाही.

कनवटीला हाली सिक्क्याचे रुपये आहेत. राज्य निजामाचं, कारभार हैदराबादेत बसलेल्या सालारजंगांचा, सरकारी कागद फारसीत, आणि तुम्हाला येते ती मराठी. पाटीलकी, कुलकर्णीपण, बलुतं सगळं जागच्या जागी आहे. तुम्ही कुणाच्या पोटी जन्मलात ते मी ठरवत नाही, पण वाटेवरच्या प्रत्येक विहिरीवर ते विचारलं जाईल. पाथरीच्या अलीकडे एका गावात तहान लागते. पाटलाच्या घरचे असाल तर पोहरा तुम्ही स्वतः सोडाल. मांगवाड्यातले असाल तर विहिरीपासून दहा पावलांवर उकिडवे बसाल, ओंजळ तयार ठेवाल आणि कुणाला तरी दया येईपर्यंत थांबाल. ऊन चढत जाईल. बायका येतील, घागरी भरतील, तुमच्याकडे न बघता निघून जातील. हे थांबणं नीट सोसून घ्या. पुढे जे बघायचं आहे त्याचं मोल या थांबण्यावरूनच कळतं.

जालना छावणीचं गाव आहे. पलटणी, शिंपी, सराफ, अडते, सगळ्यांची गर्दी. कापसाचा भाव ठरला, माप झालं, की गाडीवाल्यांना बाजारात सोडा आणि गावाबाहेर चालू लागा. कोस-दीड कोसावर एक नवी वस्ती उभी राहते आहे. नाव बेथेल. शेतं, घरं, शाळा, आणि विहीर.

आधी विहिरीपाशीच थांबा. काठाचा दगड अजून नवा आहे, दोराने त्यावर चर पडलेला नाही. एक बाई पाणी शेंदते आहे. तिच्या बोलण्यावरून, लुगडं नेसण्याच्या ढबीवरून ती मांगवाड्यातली आहे हे तुम्हाला लगेच ओळखू येतं. ती पोहरा वर घेते, तुमच्याकडे बघते आणि विचारते, "पाणी पाहिजे का, दादा?" आता तुम्ही काय करता ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

ही वस्ती वसवली ती रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी. जन्माने ब्राह्मण, धर्माने ख्रिस्ती, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक. समोर येतात ते पांढऱ्या पागोट्यात. दोन वर्षांपूर्वी, 1873 साली, न्यूयॉर्कला इव्हॅन्जेलिकल अलायन्सच्या जागतिक परिषदेत बोलायला उभे राहिले तेव्हाही डोक्याला पागोटंच होतं. साहेबाचा धर्म घेतला म्हणून साहेबाचा वेष घेतला नाही. त्यांच्याबरोबरची बहुतेक मंडळी मांग आणि महार समाजातली. धर्म बदलला म्हणून गावाने आणखी कोंडी केली, कामं बंद केली, पाणी तोडलं, अशा माणसांना उभं राहायला स्वतःची जमीन हवी होती. ती सालारजंगांच्या सरकारने दिली. मुसलमान राजाचा दिवाण, ब्राह्मण कुळातला ख्रिस्ती पाळक आणि अस्पृश्य मानलेली माणसं, असे तीन धागे एका गावात गुंफले गेल्याचं मराठवाड्याच्या इतिहासात फारसं कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर बसा. वीस-बावीस वर्षांचे पाच-सहा तरुण गोळा झाले आहेत. अशा संध्याकाळचा वृत्तान्त कुणी छापून ठेवत नाही, म्हणून डोळे उघडे ठेवा. हे तरुण उद्याचे मास्तर आणि उपदेशक. नारायणराव त्यांना भाषण देत नाहीत. ते एकाला उभं करतात. कागद कधी पाहिला नाही अशा गावात पहिल्या दिवशी काय शिकवशील, असं विचारतात आणि स्वतः खाली पोरांमध्ये मांडी घालून बसतात. तो तरुण अडखळतो. ज्याच्या बापाला कुणी आजवर 'बैस' म्हटलं नाही त्याला एका ब्राह्मणाला समोर बसवून शिकवायचं आहे. त्याची बोटं पाटीच्या कडेवरून फिरत राहतात. पहिलं वाक्य तो जमिनीकडे बघून बोलतो, दुसरं पाटीकडे बघून. तिसऱ्या वाक्याला मान वर होते. मधे कुणी दुरुस्ती करत नाही. चुकलेलं अक्षर तो स्वतःच पुसतो, पुन्हा काढतो.

मग दिवा पुढे ओढला जातो आणि वही निघते. धान्य किती आलं, कुणाला किती दिलं, बियाणं किती राखलं. एकजण लिहितो, दुसरा मोजून ताळा घेतो. रक्कम जुळत नाही. दोघे पुन्हा पहिल्यापासून बेरीज करतात. नारायणराव वाट बघतात. तुम्हाला वाटतं, यांनी वही हातात घेतली तर क्षणात मिटेल. ते घेत नाहीत.

माझ्या मते तरुण नेतृत्व घडवणं म्हणतात ते सगळं या एका गोष्टीत येतं. शिकवणारे पुष्कळ असतात. वही दुसऱ्याच्या हातात देऊन, चूक होताना दिसत असताना, हात मागे ठेवणारे फार थोडे. नारायणरावांना हे कुठे सापडलं ते पाहायला आणखी मागे जायला हवं.

1843, मुंबई. तुम्ही स्कॉटिश मिशनच्या शाळेत बाकावर बसला आहात. पेशवाई बुडून पंचवीस वर्षं झाली. तुमच्या वडिलांना कळत होतं ते जग, म्हणजे वतन, दक्षिणा, पाठशाळा, दरबारातली कारकुनी, ते सगळं त्यांच्या देखत गेलं. नवं राज्य इंग्रजीत बोलतं आणि नोकऱ्याही इंग्रजीतच देतं. घरात मोठी माणसं जुन्याच्या आठवणी काढतात, पण पुढे काय करायचं हे त्यांना सांगता येत नाही. राज्य कोसळलं की तरुणांची अशीच गत होते: आज्ञा करणारे पुष्कळ उरतात, वाट दाखवणारं कुणी उरत नाही. अशा वेळी जो माणूस तुमच्याशी बरोबरीने वाद घालतो, प्रश्न विचारू देतो, त्याच्याकडे मन ओढलं जाणारच.

समोर शिकवताहेत रॉबर्ट नेस्बिट. 1827 साली ते या देशात आले, कोकणात राहिले, आणि मराठी अशी कमावली की पडद्याआडून बोलले तर साहेब बोलतोय हे कळणार नाही, असं त्यांच्याबद्दल म्हटलं जाई. शाळेचे मुख्य जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज आजही गिरगाव चौपाटीवर आहे, ते या वर्षी रजेवर गेले आहेत. बाकावर तुमच्या शेजारी नारायण बसला आहे. त्याच्या वहीच्या समासात प्रश्नच प्रश्न.

या वर्षी तुमच्या गुरूंवरच पाळी आली आहे. मे महिन्यात स्कॉटलंडचं चर्च दुभंगलं. वाद असा: मंडळीचा पाळक कुणी नेमायचा, मंडळीने की गावच्या जमीनदाराने? चारशेच्या वर पाळक सरकारमान्य चर्चमधून बाहेर पडले; पगार सोडले, घरं सोडली, आणि फ्री चर्च उभं केलं. बातमी बोटीने मुंबईला पोहोचली तेव्हा नेस्बिट, आणि तिकडे रजेवर असलेले विल्सनही, बाहेर पडणाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि मिशनच्या मालमत्तेवरचा हक्क त्यांच्या हातून गेला. वर्गात या विषयावर धडा झाला नसेलही. पण आपला कारभार आपण बघायचा या तत्त्वासाठी शिक्षक इमारतीवर पाणी सोडतात हे विशीतल्या मुलाने जवळून पाहिलं, आणि ते त्याच्या मनात कायमचं बसलं असं मला वाटतं.

त्याच वर्षी सप्टेंबरात नारायणचा बाप्तिस्मा झाला. गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण धाकटा भाऊ श्रीपत, अजून अज्ञान वयाचा, तोही मिशनच्या घरी राहायला गेला. वडील सुप्रीम कोर्टात गेले. तुम्ही कोर्टाच्या आवारात उभे आहात. चहूकडे पागोटी, दबलेला गलका, आणि मधोमध एक बाप. कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. पण घरी आलेल्या मुलाला जातीत घ्यायचं का यावर शहर फुटलं. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं या बाजूने उभे राहिले आणि सनातन्यांचा सगळा राग त्यांनी अंगावर घेतला. त्या बापाचं दुःख पुसून टाकून मला नारायणरावांची थोरवी सांगता येणार नाही. मोठ्या भावाने समजून-उमजून वाट निवडली, तो त्याचा हक्क. पोरवयाच्या मुलाला त्या वाटेवर घ्यायला नको होतं. मिशनवाल्यांना श्रद्धेची घाई झाली की घरं मोडत, आणि त्या मोडलेल्या घरांमुळे पुढच्या पन्नास वर्षांत किती मराठी आईबापांनी मुलं शाळेतून काढून घेतली असतील!

अकरा वर्षं पुढे या. 1854. नारायण शेषाद्रींना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच साली अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत हरिपंत खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक यांनाही दीक्षा मिळाली. बोस्टनहून मिशनचे चिटणीस रूफस अँडरसन त्याच हिवाळ्यात हिंदुस्थानात आले होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की परदेशी मिशनरी हा तात्पुरता माणूस आहे. इथली मंडळी आपला कारभार आपण पाहील, आपला खर्च आपण उचलेल आणि आपला संदेश आपण पसरवेल, तेव्हा त्याने निघून जायचं. इंग्लंडात मिशनचे कारभारी हेन्री व्हेनही हेच मांडत होते. लंडन-बोस्टनच्या कचेऱ्यांत हे पटायला सोपं होतं. नगरच्या बंगल्यात बसलेल्या मिशनऱ्याला ते जड गेलं. ज्याला आपण अक्षर शिकवलं त्याच्या हाताखाली काम करायचं? त्याला आपल्याइतका पगार? पुष्कळ ठिकाणी दीक्षा मिळालेले देशी पाळक प्रवचनं देत, प्रेतक्रिया करत, दुष्काळात गावोगाव हिंडत. पण पैसा कुठे खर्च करायचा हे ठरवणाऱ्या बैठकीत त्यांना खुर्ची नसे.

नगरचं एक चांगलं मात्र सांगितलंच पाहिजे. तिथे सिंथिया फॅरार नावाची अमेरिकन बाई मुलींची शाळा चालवत होती. 1827 साली ती एकटी मुंबईत उतरली, पुढे नगरला आली आणि 1862 मध्ये मरेपर्यंत शिकवत राहिली. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते तिच्याकडे. सावित्रीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत, मिशनच्या नोकरीत राहिल्या नाहीत. पुण्यात स्वतःच्या शाळा काढल्या आणि त्या आपल्या बुद्धीने चालवल्या. कोण आपल्या पंगतीला आलं हे मोजणाऱ्याला यात नफा दिसणार नाही. मला तर सगळ्या मिशन-शाळांच्या इतिहासात याहून मोठं यश दिसत नाही.

पुन्हा बेथेल. आता 1877. 1876 चा पाऊस फसला आणि दख्खनभर दुष्काळ पडला; निजामाच्या मराठी मुलखालाही त्याची झळ लागली. तुम्ही त्याच ओसरीवर आहात, पण पोरं बसलेली नाहीत. आवारात माणसंच माणसं. हाडांवर कातडं राहिलेली म्हातारी, पोट फुगलेलं पोर, दोन दिवस तोंडातून शब्द न काढलेला बाप. कणग्यांतलं धान्य खाली गेलंय. तोच तरुण, पाटीच्या कडेवरून बोटं फिरवणारा, आता मापाशी उभा आहे. आज त्याच्यासमोर रांगेत कुणब्याची, वंजाऱ्याची, मराठ्याची घरं आहेत. ज्यांच्या विहिरीपासून त्याने दहा पावलं लांब बसायचं अशी माणसं. तो कुणाला किती द्यायचं ते ठरवतो. आवाज चढवत नाही. एक म्हातारा पुढे येतो, मग मापाला शिवलेला हात कुणाचा ते बघून थबकतो. तरुण माप खाली ठेवतो, दोन पावलं मागे सरतो आणि म्हणतो, "घ्या बाबा, तुमच्या हाताने घ्या." म्हातारा घेतो. त्याच्या मागचा मात्र थेट उपरणं पसरतो.

तुम्ही सोनपेठचे. दुष्काळ काय असतो ते तुम्हाला समजावून सांगायला नको. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसं अजून तुमच्या गल्लीत आहेत, आणि दसऱ्यानंतर कोयते घेऊन उसाच्या फडाला निघणाऱ्या टोळ्या तुम्ही दर वर्षी बघता. अशा वेळी गावातलं खरं नेतृत्व कोण ते लगेच कळतं: ज्याच्या मापावर सगळ्यांचा विश्वास असतो, तो.

इथून पुढचं मी भराभर सांगतो, कारण ते सांगताना मला त्रास होतो. नारायणराव म्हातारे होत गेले आणि बेथेलचा पसारा त्यांच्याभोवतीच वाढत गेला. परदेशातून येणारा पैसा त्यांच्या नावावर येई. सरकारदरबारी शब्द चाले तो त्यांचा. वही त्यांनी पोरांच्या हातात दिली होती, पण वहीतली रक्कम जिथून येई तिथली ओळख दिली नाही; किंवा देता आली नाही, कारण एडिंबरोच्या आणि न्यूयॉर्कच्या दात्यांना पागोट्यातला ब्राह्मण पाळक पाहायचा होता, मांगवाड्यातला मास्तर नव्हे. 1891 साली समुद्रप्रवासातच त्यांचा अंत झाला. बातमी जालन्याला पोहोचते त्या दिवशी तुम्ही आवारात उभे आहात. रडणाऱ्यांत तो तरुणही आहे, आता चाळिशीला टेकलेला, कानशिलावर पांढरे केस. पुढचा माणूस कोण याचं उत्तर त्या आवारात उभ्या असलेल्या कुणाच्याही हातात नाही. जालना विसाव्या शतकातही स्कॉटिश मिशनचं ठाणं राहिलं. तिथे दवाखाना उभा राहिला, पुष्कळ जीव वाचले, त्याचं ऋण मान्यच आहे. पण ज्याने दुष्काळात रांग सांभाळली त्याला वारसा मिळायला हवा होता.

शंभर वर्षं पुढे उडी घ्या, आणि मुलूखही बदला. 1992, मॉस्को. परभणी-बीडकडची मुलं हल्ली डॉक्टरकी शिकायला किर्गिझस्तान-कझाकस्तानला जातात, तेव्हा हा प्रदेश तुम्हाला अगदीच परका नसेल. सोव्हिएत राज्य कोसळून वर्ष होत आलंय. बर्फ वितळून रस्त्यात चिखल झालाय. शाळेच्या भिंतीवर लेनिनची तसबीर होती तिथे फिकट चौकोन उरलाय. शिक्षिका टेबलाशी बसल्या आहेत. कालपर्यंत जे शिकवलं ते आज खोटं म्हणतात आणि नवीन काय शिकवायचं ते कुणी सांगत नाही. समोर एक अमेरिकन माणूस दुभाष्याच्या मदतीने ख्रिस्ती नीतिशास्त्र सांगतोय. रशियाच्या शिक्षण खात्याने त्या वर्षी 'कोमिशन' नावाच्या अमेरिकन ख्रिस्ती संस्थांच्या समूहाशी करार केला होता. पुढच्या पाच वर्षांत पुष्कळ माणसं आली. बहुतेक प्रामाणिक होती, घरदार सोडून थंडीत राहिली.

मागच्या बाकावर तुम्ही विशीतला एक रशियन मुलगा व्हा. हा पाहुणा तुम्हाला आवडतो. तो तुमचं नाव लक्षात ठेवतो, घरी चहाला बोलावतो, तुमच्यात पुढारी होण्याचा गुण आहे म्हणतो. असं तुम्हाला आजवर कुणी म्हटलेलं नाही. पण सभा कुठे घ्यायची, पुस्तकं कोणती छापायची, पैसा कुठे जाणार, हे अमेरिकेत ठरतं. मग 1997 येतं. रशिया नवा धर्मविषयक कायदा करतो. पंधरा वर्षं नोंद नसलेल्या धर्मसंस्थांवर बंधनं येतात. व्हिसे अडतात, पाहुणे निघून जातात. मागे जे टिकलं ते तिथेच, जिथे या मुलाच्या हातात आधीपासून सगळं दिलेलं होतं, जिथे प्रार्थना त्याच्या भाषेत होती आणि भाडं त्याची मंडळी भरत होती. बोस्टनच्या अँडरसनने 1854 साली हेच सांगितलं होतं, आणि जालन्याच्या आवारात 1891 साली त्याची प्रचिती आली होती.

आता आपल्याकडे परत, 1917 च्या साताऱ्यात. नारायण वामन टिळक पंचावन्न वर्षांचे आहेत. 1895 साली ते ख्रिस्ती झाले, नगरला अमेरिकन मिशनमध्ये वीसेक वर्षं शिकवलं, लिहिलं, मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्राची मराठी बाजू सांभाळली, भजनं रचली. आणि आता त्यांनी मिशनच्या पगाराचा राजीनामा दिला आहे. भांडून नव्हे. मिशनऱ्यांवर त्यांचं प्रेम आहे आणि मिशनऱ्यांचं त्यांच्यावर. पण पगारी नोकराचं बोलणं मालकाचंच समजलं जातं, हे त्यांना वर्षानुवर्षं खुपत आलंय. त्यांनी 'देवाचा दरबार' काढला आहे: बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे म्हणून एकत्र बसता यावं. तुम्ही दरबारात बसला आहात. टाळ वाजतोय. घरात उद्याच्या धान्याची सोय काय हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनाच ठाऊक. दोन वर्षांनी, मे 1919 मध्ये, टिळक जातील आणि दरबार त्यांच्याबरोबर विरत जाईल. तरी मराठी ख्रिस्ती माणसाने मिशनला 'आता आमचं आम्ही बघतो' हे एवढ्या प्रेमाने आणि एवढ्या ठामपणे त्याआधी सांगितलं नव्हतं.

वाटेत, 1938 च्या जरा आधी, अंबाजोगाईला थांबल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सोनपेठहून ते काही लांब नाही. निजामाच्या दप्तरात तेव्हा त्याचं नाव मोमिनाबाद. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक स्वामी रामानंद तीर्थ तिथल्या योगेश्वरी शाळेत आले आहेत. त्यांचा ख्रिस्ती मिशनशी काही संबंध नाही. भगवी वस्त्रं, साधी राहणी, मुलांबरोबर जेवण. पण ओसरीवर बसलात तर बेथेलच्या संध्याकाळची आठवण होईल: इथेही मुलांवर कामं सोपवलेली आहेत, चुका करायला मोकळीक आहे. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा स्वामीजी तुरुंगात गेले; पुढच्या दहा वर्षांत ते पुन्हा पुन्हा आत होते आणि बाहेर लढा चालू राहिला. गुरू कोठडीत असताना काम थांबत नाही, याचा अर्थ गुरूने काम बाहेर ठेवलं होतं. धर्म वेगळा, ध्येय वेगळं, कसोटी एकच.

शेवटचा मुक्काम अहमदनगर, जून 1947. पूर्वेला काही मैलांवर निजामाची हद्द लागते आणि पलीकडे काय होणार कुणालाच माहीत नाही. सोनपेठ मुक्त व्हायला अजून सव्वा वर्ष आहे. अलीकडे इंग्रज निघायच्या तयारीत आहेत. पेशवाईनंतर पुन्हा एकदा एक राज्य जातंय. या दिवसांत डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे नगरमध्ये कॉलेज सुरू करताहेत, जिल्ह्यातलं पहिलं. मराठी ख्रिस्ती समाजातला माणूस, हार्वर्डला शिकून आलेला. शंभरावर वर्षांपूर्वी 1831 साली याच गावात अमेरिकन मिशनरी आले, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येणारा एखादा शिष्य मिळाला तरी भरून पावल्यासारखं वाटे. आज त्या परंपरेतला मराठी माणूस स्वतः संस्था काढतोय, आणि ती एका धर्माच्या मुलांसाठी नाही.

आवारात टेबल मांडलंय. उन्हात रांग लागली आहे: पागोट्यातला बाप आणि त्याचा मुलगा, पायजम्यातले दोघे मुसलमान भाऊ, मंडळीतल्या मास्तरांची मुलगी, अनवाणी आलेला एक शेतकऱ्याचा पोर. टेबलामागे बसलेला इथलाच माणूस नावं लिहितोय, फी मोजून घेतोय, पावती फाडतोय. बेरीज चुकली की स्वतःच पुन्हा करतोय. त्याच्या मागे कुणी उभं नाही. तुमचा नंबर आला. नाव सांगा, गाव सांगा.